अस्सल घरी, नक्कल वर

भगवानराव गेल्याची बातमी मला मोबाइलवर कळली, आणि तीही अशुद्ध. आमच्या सेवानिवृत्तांच्या ग्रुपवर गुलाबाच्या पाकळ्या गळणारं एक चित्र येऊन पडलं. मधोमध भगवानरावांचा कुठल्याशा लग्नातला, तोंडात घास असतानाचा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘भावपुर्ण श्रध्दांजली’. ‘पूर्ण’मधला पू ऱ्हस्व, आणि श्रद्धेतले द आणि ध एकमेकांच्या जागी बसलेले. मी सगळी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात घालवली, त्यामुळे माझ्या डोळ्यांना आधी चुका दिसल्या आणि मग माणूस दिसला. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, एवढंच कुणीतरी खाली लिहिलं होतं. त्याच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी अजून चष्मा पुसत होते तोवर एकाने पोपटाचं चित्र टाकून ‘शुभ दुपार’ म्हटलं, दुसऱ्याने हयातीचा दाखला कुठे द्यायचा ते विचारलं. मला शिसारी आली. फोन उपडा ठेवला, पायात चपला घातल्या आणि त्यांच्या घराकडे निघाले.

त्यानंतर जे जे बघितलं त्याने ती शिसारी वाढतच गेली. चौकात फ्लेक्स लागला. वरच्या बाजूला ज्यांनी भगवानरावांना जन्मात नमस्कार केला नसेल अशा पुढाऱ्यांचे भले मोठे चेहरे, हात जोडून हसणारे… मयताच्या फ्लेक्सवर माणसं हसतात कशी, हे मला अजून कळलेलं नाही. भगवानराव खालच्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढे. नावाआधी ‘डिजिटल महर्षी’ अशी पदवी. शोकसभेत तर कमाल झाली. जो गृहस्थ त्यांच्या मागे “म्हाताऱ्याला कॉम्प्युटरचं डबडं राखायचं येड लागलंय” म्हणत हिंडायचा, तोच माइक धरून हुंदके देत होता, आणि मध्येच हुंदका थांबवून ‘आवाज येतोय का’ असं मागच्यांना विचारत होता. मी दोन मिनिटं स्तब्ध उभी राहिले आणि सरळ घरी आले. हा लेख लिहायला बसले तेही खरं सांगायचं तर त्या महर्षीपणाच्या रागाने. भगवानराव महर्षी वगैरे काही नव्हते. हेकट होते, तोंडाने फटकळ होते, आणि माझ्या कीबोर्डच्या फटींमध्ये अजूनही त्यांच्या सुपारीचा भुगा आहे.

ते जिंतूरच्या कोर्टात नकलनवीस होते. म्हणजे निकालाचा, जबानीचा मूळ कागद दप्तरात राहतो आणि लोकांना त्याची खरी नक्कल करून मिळते, ती नक्कल करणारे. हाताने लिहायच्या काळापासून कॉम्प्युटरपर्यंत त्यांनी हेच काम केलं. समास तेवढाच, शिक्का त्याच जागी, एक ओळ इकडची तिकडे नाही. मूळ कागदाला ते ‘अस्सल’ म्हणायचे आणि आपल्या भागातल्या जुन्या माणसांसारखे हे शब्द चवीने उच्चारायचे. अस्सल, नक्कल, फेरफार, दस्तूर. निवृत्त झाल्यावर कचेरीतले असे शब्द गोळा करून त्यांच्याबद्दल आपल्या वेबसाइटवर दहा-पाच ओळी लिहायचा, आणि वाचणाऱ्यांनी विचारलेल्या शब्दांना उत्तरं द्यायचा नाद त्यांना लागला होता. मला तसलाच एक नाद आहे. गावातल्या चुकीच्या पाट्यांचे फोटो काढायचे आणि शुद्ध रूपासह आपल्या वेबसाइटवर टाकायचे. ‘येथे ताजे दुध मिळेल’पासून थेट सरकारी कचेऱ्यांपर्यंत मी कुणाला सोडलेलं नाही. त्यातूनच आमची ओळख झाली. एक दिवस हे दारात उभे.

“बाई, आमच्या कचेरीची पाटी तुमच्या साईटीवर टाकलीत. चूक बरोबर काढलीत, माझं काय म्हननं न्हाई. पन साईट उघडली की खाली टकलावरच्या तेलाची जाहिरात यायलीय, तिच्यात तुमच्या पाटीपेक्षा जास्ती चुका हायत. ते कसं काय चालतंय तुमाला?”

मी शरमले नाही, चिडले. कारण ते खरं होतं आणि माझ्या हातात काही नव्हतं. साइट फुकटातली होती. फुकट देणाऱ्याने माझ्या मजकुराखाली काय चिकटवावं हे तो ठरवणार. आईच्या आठवणीत मी एक पान लिहिलं होतं, त्याच्याखाली या लोकांनी पोट साफ करणाऱ्या चूर्णाचं चित्र लावलं होतं. त्याआधी जिथे लिहीत होते ती कंपनी एक दिवस आपला गाशा गुंडाळून गेली, आणि माझ्या तीन वर्षांच्या पाट्याही तिच्याबरोबर गेल्या. त्या दिवशी भगवानरावांना चहा दिला आणि हे सगळं ऐकवलं. ते कप बशीत ठेवून म्हणाले, “सगळ्यांच्या साईटीचं असंच हाय. सोनपेठच्या गुरुजींचं एकीकडं, देवगाव फाट्याच्या डॉक्टरचं दुसरीकडं, माझं तिसरीकडं. प्रत्येकाचं दार येगळं, कुलूप येगळं. बिघडलं की सगळे मलाच बोलवायलेत. मी काय किल्ल्यांचा जुडगा कमरंला लावून हिंडू का?”

तिथून त्यांनी ठरवलं, की आपल्या सगळ्यांच्या साइट्स आपल्याच घरातल्या यंत्रावर ठेवायच्या आणि सगळ्यांसाठी एकच पद्धत बसवायची. तिला ते ‘दस्तूर’ म्हणत. ऐकायला हे सोपं वाटतं. पण ही एक पद्धत निवडण्यात त्यांनी जो काळ घालवला, त्यात मी त्यांच्याशी किती वेळा बोलणं टाकलं असेल याची गणती नाही. दर महिन्या-दोन महिन्याला त्यांना नवीन काहीतरी सापडायचं आणि आम्हा सगळ्यांच्या साइट्स उचलून त्यात कोंबल्या जायच्या. एकदा डब्यांचा काळ आला, म्हणजे यंत्राच्या आतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या डब्यांचा. प्रत्येक साइट एका डब्यात, ते डबे मोठ्या डब्यात, आणि त्या डब्यांवर देखरेख करणारा आणखी एक डबा. माझं दुधाच्या पाटीचं एक पान उघडायला एवढा खटाटोप! एके दिवशी एक डबा रुसला आणि सगळं बंद पडलं. भगवानराव दिवसभर त्याच्याशी झटले आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाले, “काढून टाकले सगळे डबे. कोन कुनाच्या आत हाय तेच समजंना.” मग परदेशातलं भाड्याचं यंत्र झालं. मग रोज स्वतःहून बदलणारी, कुणालाही न विचारता स्वतःला सुधारून घेणारी एक प्रणाली झाली. तिने एका सकाळी गुरुजींच्या पक्ष्यांच्या पानावरची सगळी मराठी अक्षरं चौकोन करून टाकली. गुरुजी गोदावरीच्या काठावर रोज सकाळी कोणते पक्षी दिसले ते लिहितात. त्या दिवशी त्यांच्या पानावर नुसते चौकोन बसले होते.

मला त्या सगळ्याचा मनस्वी वीट आला होता. या क्षेत्रातल्या लोकांना केलेलं काम टिकवण्यापेक्षा ते पुन्हा करण्यातच गोडी असते असं माझं मत झालं, आणि ते आजही तसंच आहे. भगवानरावांच्या मागच्या खोलीत गेलं की त्या यंत्राची घरघर, तापलेल्या तारांचा वास, पंख्यात अडकलेली कापसाची म्हातारी. एकदा तर असा घाण वास सुटला की सुमनताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. यंत्र उघडलं तर आत पाल शिजलेली होती. भगवानरावांनी चिमट्याने ती सोडवली आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, “साईट कामून बंद पडली ते समजलं.” मी नाकाला पदर लावून अंगणात जाऊन उभी राहिले. महर्षी म्हणणाऱ्यांनी एकदा तो वास घ्यायला हवा होता.

पण अखेर दस्तूर ठरला आणि ठरला तो असा, की त्यानंतर त्यांनी त्यात काना-मात्रा बदलू दिली नाही. डबे नाहीत, स्वतःहून सुधारणारं काही नाही. साधी लिहिलेली पानं. प्रत्येकाची अस्सल पानं ज्याच्या त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर. ती लिहून झाली की एकच हुकूम द्यायचा, ‘चढव’, की त्यांची नक्कल भगवानरावांच्या यंत्रावर चढते आणि जगाला दिसते. सगळ्यांची मांडणी एकसारखी. वर एक मथळा, त्याच्याखाली मालकाचा फोटो, मग मजकूर. मथळा तर सगळ्यांना मिळून एकच होता. तो सगळ्यांच्या अस्सलात सारखा असायचा, आणि कुणीही ‘चढव’ म्हटलं की सामाईक जागेत तोच पुन्हा जाऊन बसायचा. लाईट गेली की सगळ्या साइट्स बंद. डॉक्टरांनी त्यावर तक्रार केली तेव्हा भगवानराव म्हणाले, “लाईट गेली की तुमचा दवाखाना तरी कुठं चालू असतोय?”

माझं भांडण रंगावरून झालं. मला माझ्या साइटला फळ्याचा काळा रंग हवा होता, अक्षरं खडूची. शाळेतल्या बाईंची साइट आहे, शोभलं असतं. भगवानराव नाही म्हणाले. मी म्हटलं, माझ्या एकटीच्या पानाला रंग दिला तर तुमच्या दस्तुराला काय धाड भरते? तर म्हणाले, “बाई, कोर्टात खुनाच्या निकालाची नक्कल आन् शेताच्या बांधाची नक्कल, दोनीचा कागद एकच असतोय. तुमाला काळा दिला की डॉक्टर लाल मागतेत. मग गुरुजींना मोर पायजे. उद्या मी न्हाई राहिलो तर एकाला समजंल ते सगळ्यांना समजलं पायजे का नको?” मी तेव्हा म्हटलं, उद्याच्या गोष्टी उद्या. आणि पंधरा-वीस दिवस त्यांच्या घरी पाऊल टाकलं नाही. मग आपणच आले. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं हाच फळ्याचा उलटा रंग आहे, अशी माझी समजूत घालून, सुपारी कातरत बसले. त्यांचा हा हेकटपणा मला आवडायचा असं मी म्हणणार नाही. माणूस मेल्यावर त्याचे दुर्गुण गोड करून सांगायची जी पद्धत आहे, तिचा मला तिटकारा आहे.

दस्तुराचे दोन नियम मात्र त्यांनी आमच्याकडून घोकून घेतले होते. पहिला, हुकूम मालकानेच द्यायचा, दस्तुरखुद्द. ते शेजारी बसून बघतील, पण कीबोर्डला हात लावणार नाहीत. गुरुजींचे हात थरथरतात, त्यांनाही त्यांनी सोडलं नाही. दुसरा नियम, नकलेत हात घालायचा नाही. चूक सापडली तर अस्सलात दुरुस्त करायची आणि पुन्हा चढवायची. वरच्यावर नक्कल खोडून दुरुस्त केली, तर पुढच्या चढवण्यात अस्सल पुन्हा तिच्यावर बसतं आणि केलेली दुरुस्ती पुसली जाते. गुरुजींनी एकदा यंत्रावरच जाऊन ‘बगळा’चा ‘करकोचा’ केला होता. दुसऱ्या दिवशी नवीन पान चढवलं आणि करकोच्याचा पुन्हा बगळा झाला. गुरुजी बिचारे नदीवर जाऊन पुन्हा बघून आले! भगवानरावांनी हे आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं की पाठ झालं.

आता मूळ गोष्टीकडे येते. भगवानराव गेले आणि पुण्याहून श्रीकांत आला. श्रीकांत म्हणजे सुमनताईंचा धाकटा भाऊ, मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करतो. मुलगा वाईट नाही. बहिणीसाठी धावत आला, सगळं केलं. पण कामाची त्याला भारी घाई. दहावा-तेरावा होण्याआधीच त्याने मागच्या खोलीत जाऊन यंत्र बघितलं आणि बहिणीला सांगितलं, की हे आजच्या काळात कुणी करत नाही, घरात असलं धूड ठेवणं म्हणजे वेडेपणा आहे, मी सगळ्यांना एकेका तयार ठिकाणी हलवून देतो आणि हे भंगारात काढू. सुमनताईंना फक्त एक हवं होतं, यजमानांचं पान राहावं, आणि ते गेल्याचं त्या पानावर दिसावं. तसं त्यांनी भावाला सांगितलं. श्रीकांत म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे ताई. खरोखर दोनच मिनिटं घेतली त्याने. थेट यंत्रावर बसला आणि मथळ्यात एक पट्टी टाकली. समई, हार, आणि तेच ते ‘भावपुर्ण श्रध्दांजली’, बहुधा आमच्या ग्रुपवरच्या चित्रातूनच उचललेलं. मथळा सगळ्यांचा एक आहे, हे बघायला तो थांबला नाही. हार असा बसवला होता की खालच्या फोटोला बरोबर गळ्यात पडावा. आणि सगळ्यांचे फोटो, दस्तुराप्रमाणे, त्याच जागी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवगाव फाट्याहून डॉक्टरांचा फोन आला. ओरडत होते. “बाई, लोकं हार घेऊन यायलेत हो माझ्या दवाखान्यात! एक म्हातारी तर दारात बसून रडायलीय, आन् मी आत चहा प्यायलोय. तिला पानी द्यायला गेलो तर भिऊन पळाली!” मी माझी साइट उघडली. वर समई, खाली मी. चष्मा, घट्ट बांधलेले केस, शाळेच्या निरोप समारंभातला फोटो, आणि गळ्यात झेंडूचा हार. ‘भावपुर्ण श्रध्दांजली’. त्याच्याखाली पहिलीच पाटी, जिच्यात मी एका दुकानदाराला ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं होतं. मी मेल्याचं दुःख बाजूला राहू द्या, पण माझ्या स्वतःच्या पानावर, माझ्या डोक्यावर, त्या दोन चुका! तिकडे सोनपेठला गुरुजींच्या सुनेने त्यांना फोटो दाखवला, तर गुरुजी म्हणाले म्हणे, फोटो चांगला आलाय, राहू द्या.

मी श्रीकांतला फोन लावला. तो तोवर पुण्याला पोचला होता. “मॅडम, भावना बघा ना, स्पेलिंग काय घेऊन बसलात,” म्हणाला. मराठीत स्पेलिंग नसतं, शुद्धलेखन असतं, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता. जिवंत माणसांना हार घातलास, एवढंच म्हटलं. त्यावर तो हसला, “अरे हो का, शेअर्ड हेडर असणार… बघतो वीकेंडला. नाही तर तोवर बंद करून ठेवा ना मशीन, कसंही काढायचंच आहे.” किळस आली मला. त्याची नाही, त्या सहजपणाची. एका माणसाने इतकी वर्षं एक गोष्ट नीट लावण्यात घातली, ती बघायलाही यांना सवड नाही, आणि मोडायला मात्र कधीही तयार.

वीकेंडपर्यंत मेलेलं राहायची माझी तयारी नव्हती. श्रीकांतने पट्टी टाकली होती ती नकलेत. अस्सल मथळा माझ्या घरी, माझ्या कॉम्प्युटरवर होता तसा होता. मी ‘ताजे दूध’ची नवीन पाटी लिहिली, बसले आणि हुकूम दिला. चढव. पान चढलं, मथळ्यावर मथळा बसला, समई गेली, हार गेला. डॉक्टर जिवंत झाले, मी जिवंत झाले, गुरुजींचीही सुटका झाली. कुणालाच काही विचारावं लागलं नाही. मी प्यायला म्हणून पाण्याचा तांब्या हातात घेतला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा भगवानरावांसाठी रडले.

थोड्या वेळाने सुमनताईंचा फोन आला. आवाज अगदी लहान. “बाई, ह्यांच्या फोटोचा हार कुठं गेला हो? मी सकाळपासून बघायलेय, दिसंना.”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्यांचा मथळा एक, तर सगळ्यांचा हार गेला म्हणजे त्यांचाही गेला. मी लगेच त्यांच्याकडे गेले. सुमनताई मागच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीवर न बसता, खाली सतरंजीवर बसल्या होत्या. यंत्र चालू होतं. मला म्हणाल्या, “श्रीकांतला मी सांगून टाकलं. यंत्र हितंच ऱ्हाईल म्हनलं, भंगारात मला घाल आदी. पन बाई, हार न्हाई तर न्हाई… लोकं ह्यांना शब्द विचारायलेत अजून. कुनी नांदेडहून विचारतंय, कुनी कुठून. ह्ये उत्तर देईनात म्हनून त्यांना वाटंल, म्हातारा माजलाय. गेले हे तर समजलं पायजे त्यांना.”

माझ्यापुढे पेच होता. त्यांच्या एकट्याच्या पानाला वेगळा मथळा करणं मला जमलं असतं. पण तसं केलं की दस्तूर मोडला, आणि तोही त्यांच्याच पानासाठी. माझ्या काळ्या रंगाला ज्यांनी नाही म्हटलं, त्यांच्या हाराला मी हो म्हणणार नव्हते, त्यांनीच मला सोलून काढलं असतं. मी सुमनताईंना तसं सांगितलं. मथळ्याला हात लावायचा नाही. त्यांच्या अस्सलात, मजकुरात, जे लिहायचं ते लिहू. त्यांचं अस्सल त्याच खोलीतल्या त्यांच्या कॉम्प्युटरवर, समोरच होतं. सुमनताईंनी बराच विचार करून एकच ओळ सांगितली: ‘आता शब्दांची उत्तरं देणारं कुणी नाही.’ मी म्हटलं, तुम्ही लिहा. त्या खुर्चीवर बसल्या. एकेक अक्षर शोधत लिहिलं. ‘शब्दांची’वरचा अनुस्वार राहिला होता, तो मी दाखवला, त्यांनी दिला.

प्रत्येकाच्या पानाच्या तळाशी, जुन्या पत्रात असायच्या तशा, दोन ओळी असतात. मालकाचं नाव आणि मुक्काम. माझा मुक्काम जिंतूर, गुरुजींचा सोनपेठ. भगवानरावांचाही अर्थातच जिंतूर. सुमनताईंची नजर त्या ओळीवर गेली आणि तिथेच थांबली. मग म्हणाल्या, “नाव राहू द्या. मुक्काम पुसते मी. शान्या मानसाला तेवढ्यात समजंल.” मला ते पटलं. हार, समई, महर्षी या सगळ्यांपेक्षा ते किती तरी नीट होतं. त्यांनी जिंतूर हा शब्द पुसला, मागून पुढे, पहिल्या अक्षरापर्यंत. जागा रिकामी झाली. मग मी सांगितलं तसा हुकूम दिला.

पान चढलं नाही. पडद्यावर एक ओळ आली. दस्तुरात काही चुकलं तर यंत्राने काय बोलायचं, तेही भगवानरावांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं, आणि बोलायचे तसंच लिहिलं होतं. मी मुक्काम कधी मोकळा सोडला नव्हता, म्हणून ही ओळ मीही आजवर पाहिली नव्हती.

‘मुक्काम लिवला न्हाई. मानूस म्हनल्यावर कुठं तरी असंलच की. लिवा.’

सुमनताईंनी ओठ हलवत हळूहळू वाचलं, मग पुन्हा वाचलं. पदर तोंडाशी नेला. त्या हसतायत की रडतायत ते मला कळेना… “आता हे मलाच इचारायलेत व्हय?” पडद्याला म्हणाल्या, अगदी भांडणाच्या सुरात. “मला काय म्हाईत तुमी कुठं हाईत ते?”

बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला आणि थांबला. सुमनताईंनी डोळे पुसले, खुर्ची जरा पुढे ओढून घेतली, आणि एका बोटाने, कुणाला न विचारता, लिहिलं: जिंतूर. दीर्घ तू बरोबर दिला.

पान चढलं.